एका तारेवरच्या एकतीस वहिवाटी

शेताकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या वावरातून जात असली, तर त्या जाण्यायेण्याच्या हक्काला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. जमीन एकाची, पण धुऱ्यावरून बंडी नेण्याचा हक्क चौघांचा. कोणी कुठून जायचे हे ठरलेले असते आणि ते सगळ्यांनी पाळले, तरच पेरणीच्या दिवसांत गावात शांतता राहते. या पुस्तकाचा विषयही एक वहिवाटच आहे. ती मातीतून न जाता तारेतून जाते, एवढाच फरक.

टेलिफोन खात्याकडून येणारी एक डिजिटल लाइन असते. पुस्तकी भाषेत तिला ई-वन म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या एक्स्चेंजमधली मंडळी नुसते ‘टू एमबी’ म्हणतात. ही लाइन राउटरला जोडायची आणि राउटरमध्येच तिचे वाटे पाडायचे: काही अकोल्याला, काही अचलपूरला, एखादा धारणीला. एका भोकात खोचलेली एक केबल, पण राउटरच्या दृष्टीने आठ-दहा वेगवेगळ्या लाइनी. काम एवढेच आहे. एवढ्याशा कामासाठी एक अख्खे पुस्तक कशाला, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे आणि मगच पान उलटायला सांगावे, हे योग्य.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचा माणूस नाही. तंत्रनिकेतनात शिकणारा विद्यार्थी आहे, बँकेच्या तालुक्याच्या शाखेत ‘लिंक नाही’ हे वाक्य रोज ऐकणारी कर्मचारी आहे, रेल्वेच्या दूरसंचार विभागात नव्याने लागलेला मुलगा आहे. आणि यांपैकी काहीही नसलेला, पण फोनवरचा आवाज नेमका कसा पोहोचतो याचे कुतूहल बाळगणारा वाचकही आहे. गणित कच्चे असल्याची भीती कोणी बाळगू नये. गुणाकार आणि भागाकार येत असेल, तर या विषयाचे दार तुमच्यासाठी उघडे आहे.

मराठीत ‘तार’ हा शब्द वस्तूलाही आहे आणि निरोपालाही. यात वऱ्हाडचा इतिहास दडलेला आहे. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आला. त्याच वर्षी समुद्रतळाच्या केबलने मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. कापूस रुळांवरून जाऊ लागला आणि भावाची खबर तारेवरून येऊ लागली. तारेच्या निरोपाची ती सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण तिने पहिल्या दिवशी जो प्रश्न उभा केला तो आजही तसाच आहे: तार टाकणे महाग, तिच्यावरून बोलू पाहणारे पुष्कळ. मग एकाच तारेवर अनेकांची सोय कशी लावायची?

ज्यांनी ट्रंक कॉलचे दिवस पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. अकोल्याहून मुंबईला बोलायचे, तर आधी नंबर ‘बुक’ करायचा आणि फोनशेजारी बसून राहायचे. साधा, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते, कारण लाइनी मोजक्या आणि रांग मोठी. माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या घरात फोन होता आणि लग्नसराईत त्यांच्या ओसरीवर चार-पाच घरांची माणसे आपापल्या कॉलची वाट पाहत बसलेली असत. वाट पाहणे हा तेव्हा फोनचाच एक भाग होता. दोन गावांमध्ये लाइनी थोड्या का असतात आणि तारांच्या एका जोडीवर एका वेळी एकाहून अधिक संभाषणे का होऊ शकत नाहीत, हा विचार त्या ओसरीवर कोणाच्या मनात आला असेल, असे वाटत नाही. माझ्या मनात तो बऱ्याच वर्षांनी आला आणि मग सुटला नाही.

उत्तराची एक जुनी वाट होती. प्रत्येक संभाषणाला वेगळ्या वारंवारतेच्या पट्ट्यात बसवायचे, जसे रेडिओवर प्रत्येक केंद्राला आपापली जागा असते. ती बराच काळ चालली. दुसरी वाट सुचली ती ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला, १९३७ साली, पॅरिसमध्ये काम करत असताना. आवाज आहे तसा पाठवायचा नाही. तो ठरावीक काळाने मोजायचा आणि मोजमापाचे आकडे पाठवायचे. पुढच्या वर्षी त्याने फ्रान्समध्ये पेटंट घेतले, पण त्या काळच्या निर्वात नळ्यांवर हे काम परवडण्यासारखे नव्हते. ट्रान्झिस्टर आला, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने अशी पहिली लाइन व्यवहारात आणली. कल्पना आणि तिचा वापर यांत पंचवीस वर्षांचे अंतर पडले. आपण शिकतो आहोत ती गोष्ट किती धीराने उभी राहिली आहे, हे नवख्या वाचकाला कळावे म्हणून हे सांगतो.

आता थोडे आकडे. ते एकदा मनात बसले की पुढची सगळी प्रकरणे त्यांच्यावर उभी राहतात. फोनवर आपण माणसाच्या आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झचा भाग पाठवतो. सोयीसाठी ४००० धरा. एखादी लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, तर तिच्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या किमान दुप्पट वेळा तिला मोजावे लागते. म्हणून सेकंदाला ८००० मोजमापे. प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचे. आठ हजार गुणिले आठ, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हा ‘चौसष्टचा चॅनल’ हे या विषयातले एक नाणे. बाकीचा हिशेब याच नाण्यात होतो.

सेकंदाला ८००० मोजमापे, म्हणजे दोन मोजमापांमध्ये १२५ मायक्रोसेकंद. माणसाच्या हिशेबाने हा काळ नसल्यातच जमा आहे, पण यंत्राच्या हिशेबाने तो ऐसपैस मोकळा आहे. तुमच्या आवाजाचे एक मोजमाप पाठवून झाले, की पुढचे येईपर्यंत तार रिकामी पडलेली असते. त्या रिकाम्या वेळात दुसऱ्याचे मोजमाप पाठवा, मग तिसऱ्याचे, मग चौथ्याचे. ई-वनमध्ये त्या १२५ मायक्रोसेकंदांचे ३२ भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागाला टाइमस्लॉट म्हणतात आणि त्यात ८ बिट मावतात. बत्तीस आठे दोनशे छप्पन्न बिटांची एक फ्रेम, अशा सेकंदाला ८००० फ्रेमी. गुणाकार करून पाहा, २०,४८,००० येतात. ‘टू एमबी’ हे नाव तिथून आले.

वऱ्हाडातल्या वाचकाला हे कालव्याच्या पाणीपाळीवरून लगेच उमगते, असा माझा अनुभव आहे. मोर्शीकडे ऊर्ध्व वर्धा, अकोल्याकडे काटेपूर्णा. धरण कोणतेही असो, पाट एकच असतो आणि वावरे अनेक. ज्याची पाळी असेल त्याने आपले दार उघडायचे. पाळीच्या वेळी तुम्ही वावरात नसलात, तरी ती वेळ शेजाऱ्याची होत नाही. आणि शेजारी कितीही मोठा असला, तरी तो तुमच्या पाळीत शिरू शकत नाही. ई-वनचा स्वभाव अगदी असाच आहे. फक्त इथे पाळी दर काही दिवसांनी येत नाही, सेकंदाला आठ हजार वेळा येते.

या बत्तीस भागांपैकी पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा, कोणाच्याच मालकीचा नाही. फ्रेम कुठे सुरू झाली हे ओळखण्याची खूण त्यात असते. ती खूण हरवली, तर उरलेले एकतीस भाग केवळ बिटांची वाहती रांग ठरतात. कोणते कोणाचे, हे सांगता येत नाही. सोळा क्रमांकाचा भाग फोनच्या कामात संकेतांसाठी राखलेला असतो: घंटी वाजवा, उचलला, ठेवला. म्हणून एका ई-वनवर एका वेळी ३० माणसे बोलू शकतात. मोठ्या दवाखान्याचा किंवा कार्यालयाचा एकच नंबर एकाच वेळी अनेकांना लागतो, तिथे पुष्कळदा अशी एक लाइन पीआरआय या नावाने पोहोचलेली असते. अमेरिकेत आणि जपानमध्ये हाच खेळ २४ भागांचा आहे. आपण युरोपातल्या बत्तीस भागांच्या पद्धतीने चालतो. परदेशी पुस्तक वाचून इथल्या लाइनीवर बसणाऱ्याने एवढा भेद ध्यानात ठेवावा, नाहीतर पहिल्याच दिवशी आकडे जुळत नाहीत.

संगणकांचे काम आले तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, की ही चौसष्टची नाणी आवाजासाठीच खर्च करायला हवीत असे नाही. संकेतांची गरज नसेल, तर सोळावा भागही मोकळा होतो आणि एकतीस भाग हातात येतात. ते हवे तसे एकत्र बांधता येतात: दोन बांधले की १२८, चार बांधले की २५६, एकतीसही बांधले की १९८४ किलोबिट. राउटरमध्ये आधी ‘कंट्रोलर’ या नावाने पूर्ण ई-वनची मांडणी करायची, मग तिच्याखाली ‘चॅनल-ग्रुप’ तयार करून कोणत्या गटात कोणते टाइमस्लॉट ते लिहायचे. प्रत्येक गट लिहिताच राउटरमध्ये एक नवा सीरियल इंटरफेस, म्हणजे राउटरच्या दृष्टीने एक वेगळी लाइन, उगवतो. त्याच्या नावात अपूर्णविरामचिन्हानंतर गटाचा क्रमांक असतो. पहिल्यांदा हे करताना पडद्यावर एका पोर्टातून आठ इंटरफेस उभे राहिलेले पाहिले, तेव्हा झालेला आनंद मला आजही आठवतो. वाचकांनाही तो मिळावा, अशी मनापासून इच्छा आहे.

अमरावतीत मुख्य कार्यालय असलेल्या एखाद्या संस्थेची कल्पना करा. तिच्या शाखा दोन जिल्ह्यांत पसरलेल्या आहेत. प्रत्येक शाखेसाठी अमरावतीत वेगळी लाइन, वेगळा मोडेम, राउटरवर वेगळे पोर्ट असे करत गेलो, तर कपाटाच्या मागे केबलींचे जाळे होते आणि कोणती कोणाची हे लावणाऱ्यालाच ठाऊक राहते. त्याऐवजी अमरावतीत एकच ई-वन घ्यायची आणि टेलिफोनच्या जाळ्यातल्या क्रॉस-कनेक्ट यंत्राने तिचे भाग त्या त्या गावाकडे वळवायचे. भारत संचार निगमच्या एमएलएलएन या भाड्याच्या लाइनींच्या जाळ्यात हेच काम चौसष्टच्या पटीत होत आले आहे. समजा अकोल्याला १ ते ८ हे स्लॉट दिले, म्हणजे ५१२ किलोबिट. अचलपूरला ९ ते १२, वरुडला १३ ते १६, दर्यापूरला १७-१८, मोर्शीला १९-२०, अंजनगाव सुर्जीला २१-२२. धारणीला २३वा, चिखलदऱ्याला २४वा. उरले सात. ते आज कोणालाही देऊ नका. उद्या परतवाड्याला नवी शाखा निघेल, किंवा संत्र्याच्या हंगामात वरुडला जास्त लागेल.

सरकारी कामातही हे माप रुजले होते. केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली, तेव्हा राज्याच्या मुख्यालयापासून तालुक्यापर्यंतच्या प्रत्येक दुव्याला किमान दोन मेगाबिटचे माप ठरवले होते. म्हणजे पुन्हा आपली ‘टू एमबी’च. महाराष्ट्रात हे जाळे महास्वान या नावाने उभे राहिले.

इथे एक प्रसंग सांगायला हवा, कारण या पुस्तकाचे बीज त्यात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयाची लाइन रात्रभर उठली नाही. कंट्रोलर हिरवा, एकही अलार्म नाही, तार शाबूत. पण इंटरफेस काही केल्या बोलेना. स्लॉटवाटपाच्या नकाशावर लिहिले होते ‘चॅनल १७ ते २०’ आणि राउटरमध्येही बरोबर १७ ते २० हे स्लॉट लिहिलेले होते. पहाटे उलगडा झाला. नकाशा काढणारा फोनच्या जगातला होता. फोनवाले बोलण्याच्या तीस चॅनलांना १ ते ३० असे क्रमांक देतात आणि संकेतांचा सोळावा स्लॉट त्या मोजणीत धरत नाहीत. म्हणून पंधराव्या चॅनलापर्यंत दोन्ही आकडे जुळतात, आणि सोळावा चॅनल सतराव्या स्लॉटमध्ये जातो. नकाशातले १७ ते २० म्हणजे राउटरच्या भाषेत १८ ते २१. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच लिहिले होते. राउटरमध्येही अशीच एक खाच आहे: पीआरआय मांडला, की संकेतांच्या सोळाव्या स्लॉटचा इंटरफेस १५ या क्रमांकाने दिसतो, कारण तिथे मोजणी शून्यापासून होते. मोजायला सुरुवात कुठून केली, हे विचारल्याशिवाय दुसऱ्याचा आकडा घेऊ नये, हे मी त्या पहाटे शिकलो. हे शिकवणारे मराठी पान तेव्हा माझ्या हाताशी नव्हते.

वाचकांनी सर्वांत जास्त वेळ घड्याळाच्या प्रकरणाला द्यावा, अशी विनंती आहे. वरवर पाहता ते कोरडे वाटेल, पण सारा विषय तिथेच तोलला जातो. पाळी पाळायची तर दोन्ही टोकांची घड्याळे सारखी चालली पाहिजेत. ई-वनच्या उपकरणाला दहा लाखांत पन्नास भागांपर्यंत चूक माफ असते. ऐकायला ही चूक क्षुल्लक वाटते. पण एका टोकाचे घड्याळ एवढ्यानेच पुढे धावत असेल, तर दर अडीच सेकंदांनी एक अख्खी फ्रेम सांडते किंवा दुप्पट होते. याला ‘स्लिप’ म्हणतात. बोलण्यात ती बारीकशा टिचकीसारखी ऐकू येते आणि आपण दुर्लक्ष करतो. डेटाच्या कामात मात्र तीच स्लिप पाकीट, म्हणजे एकत्र पाठवलेला डेटाचा गठ्ठा, फाडते. म्हणून एकाने घड्याळ द्यायचे आणि दुसऱ्याने ते तारेवरूनच उचलायचे. टेलिफोन खात्याच्या लाइनीवर राउटरने नेहमी लाइनीचे घड्याळ घ्यावे; स्वतःचे लावू नये. तारेवर सलग शून्ये आली तर घड्याळ उचलायला खूणच उरत नाही, म्हणून चार शून्यांच्या जागी मुद्दाम वेगळी खूण घालण्याची युक्ती केलेली आहे. एचडीबी-थ्री हे तिचे नाव. राउटरवर तुम्हाला ती एका ओळीची आज्ञा म्हणून दिसेल. तिच्यामागचे कारण जाणून मगच टाइप करा.

दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय जाळ्यांची मुख्य घड्याळे आहेत. त्यांची चूक दहा हजार कोटींत एका भागाएवढी. अशी दोन स्वतंत्र घड्याळे समोरासमोर ठेवली, तर स्लिप सुमारे सत्तर दिवसांतून एकदा होते. अडीच सेकंद आणि सत्तर दिवस, या दोन आकड्यांमध्ये दूरसंचाराच्या कित्येक पिढ्यांची मेहनत मावली आहे. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, बंद खोलीतल्या यंत्राचे स्फटिक-घड्याळ स्थिर ठेवणे किती कठीण आहे, याची कल्पना विदर्भाबाहेरच्या वाचकाला कदाचित येणार नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी वातानुकूलनाशिवाय चालणारे डिजिटल एक्स्चेंज बनवले. आपल्याकडच्या उन्हाला दिलेले ते एक उत्तर होते आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

उन्हाइतकीच इथली मातीही या कामात भाग घेते. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. जमिनीतली केबल त्या ओढाताणीत सापडते; जोड उघडतो, पाणी शिरते. मग पावसाळ्याच्या तोंडावर चिखलात खड्डा खणून बसलेला लाइनमन दिसतो. मेळघाटात तर घाटाची वळणे आणि जंगल यांचीही भर पडते. पुस्तकात आपण स्लॉट, फ्रेम, गट अशा नीटनेटक्या चौकटी काढतो, तेव्हा त्या चौकटी अखेर कोणाच्या तरी चिखलाने भरलेल्या हातांवर उभ्या आहेत, हे वाचकांनी विसरू नये. दोष शोधण्याची पहिली रीत मी अशाच एका ज्येष्ठ तंत्रज्ञाकडून शिकलो. त्यांचे शब्द होते, “आधी लूप टाक बाप्पा, मंग कोनाले दोष देजो.” लूप म्हणजे पाठवलेले आपल्याकडेच परत वळवणे. राउटरजवळ लूप टाकून लाइन उठली, तर राउटर निर्दोष. एक्स्चेंजमध्ये टाकून उठली, तर तिथपर्यंतची तार निर्दोष. असे एकेक पाऊल पुढे जात दोषाच्या दारापर्यंत पोहोचायचे. या पुस्तकातले दोषशोधनाचे प्रकरण त्या एका वाक्याचाच विस्तार आहे.

एक आक्षेप मी प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. पाळी ठरलेली असल्यामुळे ई-वन उधळी आहे. धारणीच्या शाखेत दुपारी कोणी काम करत नसेल, तरी तिचा तेविसावा स्लॉट रिकामाच धावत राहतो आणि अकोल्याची शाखा गर्दीने गुदमरत असली, तरी तिला तो मिळत नाही. आजचे इंटरनेट याच्या उलट चालते: पाकीट आले की पाठवा, तार मोकळी असेल तर कोणीही वापरा. काटकसरीच्या दृष्टीने हीच रीत सरस आहे आणि म्हणूनच ती जिंकली. तरीही माझे मत असे आहे, की गर्दीच्या वेळी धारणीला तिचा चौसष्टचा वाटा अबाधित मिळण्याची हमी ही उधळपट्टी नव्हे. पाकिटांच्या जगात दूरच्या आणि लहान गावाला अशी हमी वेगळी मागून घ्यावी लागते. इथे ती रचनेतच आहे. ज्यांनी दोन्ही पद्धती समजून घेतल्या, त्यांनाच या देवघेवीचा खरा हिशेब मांडता येतो.

‘हे जुने झाले’ असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. नव्या कार्यालयात आता फायबर आणि इथरनेट येते आणि पीआरआयची जागा इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनलाइनी घेत आहेत. पण ही रीत मुरलेली आहे ती खोलवर. फायबरवरच्या एसटीएम-वन या पायरीत ६३ ई-वन बसतात. जुन्या टू-जी मोबाइलच्या टॉवरकडे जाणाऱ्या ई-वनमध्ये तर चौसष्टच्या एका स्लॉटचेही सोळा-सोळा किलोबिटचे चार भाग पाडलेले असत आणि प्रत्येकात एकेक संभाषण मावत असे, वाट्याचाही वाटा. आणि भारतनेटच्या योजनेतून तालुक्याच्या एक्स्चेंजपासून ग्रामपंचायतींपर्यंत गेलेले फायबर पाहा. तिथे जीपॉन नावाचे तंत्र आहे. एका फायबरला फाटे फोडून अनेक गावे जोडलेली असतात. गावाकडून तालुक्याकडे जाताना सगळी एकदम बोलू लागली, तर गोंधळ होईल. म्हणून प्रत्येकाला आपल्या पाळीतच बोलावे लागते. तिथल्या एका फ्रेमचा काळ किती आहे? १२५ मायक्रोसेकंद. माणसाचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजायचे ठरले, त्या हिशेबाचा ठसा आज ग्रामपंचायतीच्या फायबरवर तसाच उमटलेला आहे. तिथे पाळी गरजेप्रमाणे लहानमोठी होते, म्हणजे मघाच्या आक्षेपालाही काही उत्तर मिळाले आहे. ज्याला ई-वनचे बत्तीस भाग समजले, त्याला जीपॉन परके वाटत नाही. उलट्या दिशेने शिकणाऱ्यांची मात्र, मी पाहिले आहे, दमछाक होते.

हा विषय मराठीत आणताना शब्दांचा प्रश्न होताच. टाइमस्लॉटला ‘कालखंड’ म्हणावे का, फ्रेमला ‘चौकट’ म्हणावे का, यावर मी पुष्कळ विचार केला. शेवटी ठरवले, की बडनेऱ्याच्या स्टेशनवर आणि अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये लोक जे बोलतात तेच लिहावे. तिथे ‘लूप टाकतात’, ‘स्लॉट देतात’, ‘लिंक उठते’ आणि ‘बसते’. क्रियापदे मराठीच आहेत आणि विषयाचे मर्म त्या क्रियापदांत आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून; तिथून बाहेर पडलेली पुष्कळ मुले हे सारे इंग्रजीत शिकली आणि प्रत्यक्ष काम करताना मात्र मराठीत विचार करू लागली. त्या दोन भाषांमधली वाट थोडी रुंद व्हावी, इतकीच या पुस्तकाची अपेक्षा.

वाचावे कसे, तेही सांगतो. राउटर हाताशी नसला तरी अडत नाही. पहिली चार प्रकरणे क्रमाने वाचा, घड्याळाचे प्रकरण दोनदा वाचा. नंतर आवडीप्रमाणे कुठेही उघडा. आज्ञा पाठ करू नका. त्या कंपनीगणिक बदलतात, बत्तीस भाग बदलत नाहीत. दोन टोकांवरचे गट जुळवताना एक गोष्ट मात्र पहिल्यापासून हाताला लावून घ्या: एका गटातले सगळे स्लॉट एकाच वाटेने आणि एकाच क्रमाने गेले पाहिजेत. चार स्लॉटांपैकी एक दुसऱ्या वाटेने जाऊन एका फ्रेमने उशिरा पोहोचला, तरी सगळा डेटा विस्कटतो आणि तारेवर कुठेच दोष दिसत नाही.

आणि एक करा. चौकडीच्या वहीचे एक पान घ्या, शाळकरी मुलांचे गणिताचे असते ते. त्यावर एका ओळीत बत्तीस चौकटी आखा, शून्य ते एकतीस असे आकडे स्वतःच्या हाताने घाला. खाली तुमच्या ओळखीची गावे लिहा आणि कोणाला किती लागेल याचा विचार करत पेन्सिलीने एकेक चौकट वाटून द्या. खोडरबर जवळ असू द्या. पहिली वाटणी क्वचितच टिकते. शून्याची चौकट तेवढी रेघ मारून बाजूला ठेवा. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.